खेळ चालवणाऱ्यावर नजर कोणाची?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे. अंबाबरव्याच्या त्या रानात सागाबरोबर बेहडाही वाढतो. हिवाळा सरत आला की झाडाखाली राखी रंगाची, मखमली लव असलेली फळं पडलेली असतात. वाळल्यावर त्यांच्या अंगावर पाच पुसट कंगोरे उमटतात. घराघरांत हे फळ त्रिफळा चूर्णामुळे ओळखीचं आहे. हिरडा, बेहडा, आवळकाठी ही नावं आजीच्या बटव्यापासून आयुर्वेदाच्या दुकानापर्यंत एका दमात घेतली जातात. पण औषधात जाण्याआधीपासून हे फळ आणखी एका कामाला येत होतं. वेदकाळातले जुगारी याच बेहड्यांनी द्यूत खेळत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त अशाच एका जुगाऱ्याचं आहे. बेहड्यांची रास जमिनीतल्या खाचेत टाकायची, त्यातून मूठ उचलायची आणि चारांनी भाग जातो का ते पाहायचं, असा त्या खेळाचा अर्थ अभ्यासक लावतात. पूर्ण भाग गेला तर दान कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एकच उरला तर कली. युगांना पुढे हीच नावं मिळाली. सूक्तातला माणूस हरत जातो. बायको दुरावते, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ धनकोला सांगतात की याला आम्ही ओळखत नाही, बांधून घेऊन जा. इतकं उघडं दुःख जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडतं.

एक माणूस मात्र या सूक्तात दिसत नाही. जुगाराची सभा आहे, तिथे जाणारा जुगारी आहे, नाचणारे बेहडे आहेत. सभा भरवणारा कोण, खेळ चालवणाऱ्याचं वागणं कसं, याबद्दल अवाक्षर नाही. सगळा दोष खेळाडूच्या आणि त्या फळांच्या माथी.

पटाभोवतीच्या गैरवर्तनाचा इतिहास शोधायचा तर ही रिकामी जागा लक्षात ठेवायला हवी. कारण कुठल्याही डावाभोवती दोन प्रकारची माणसं जमतात, खेळणारी आणि खेळ चालवणारी. पुण्या-मुंबईतली तरुण मंडळी आज टेबलाभोवती बसून 'रोल-प्लेइंग गेम' खेळतात. त्यात प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन बोलतो, आणि 'गेम मास्टर' नावाचा एक जण कथा पुढे नेतो, नियमांचा अर्थ लावतो, निकालही तोच देतो. खेळाडू दांडगाई करू लागला तर काय करायचं, आणि खुद्द मास्टरच दांडगाई करू लागला तर कोणाकडे जायचं, हे प्रश्न या मंडळींना नवे वाटतात. विदर्भाच्या मातीत ते फार जुने आहेत.

महाभारतातली नळाची गोष्ट विदर्भाच्या राजकन्येची, दमयंतीची गोष्ट आहे. नळाच्या अंगात कली शिरतो, फाशांत द्वापर शिरतो आणि भाऊ पुष्कर त्याला खेळायला बसवतो. खेळ कित्येक महिने चालतो. प्रजा दाराशी येऊन थांबते, मंत्री येतात, दमयंती पुन्हा पुन्हा विनवते. थांब म्हणणारे पुष्कळ होते, पण ज्याच्या शब्दाने डाव थांबेल असा त्या सभेत एकही नव्हता. राज्य जातं, अंगावरच्या एका वस्त्रानिशी दोघं बाहेर पडतात.

पुढे हाच नळ सारथ्याच्या वेषात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याला घेऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत ऋतुपर्ण एका झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. ते झाड बेहड्याचं. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून फळं मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. तिथेच तो राजाकडून अक्षविद्या शिकतो, बदल्यात घोड्यांची विद्या देतो, आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडून त्या बेहड्याच्या झाडात जाऊन बसतो. नळ नंतर पुष्कराला पुन्हा खेळायला बोलावतो, जिंकतो आणि भावाला क्षमा करून परत पाठवतो. फाशांचं गणित कळलेला नळ उदार झाला, ही या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाही. विदर्भाचा राजपुत्र रुक्मी, म्हणजे रुक्मिणीचा भाऊ, भोजकट नगरात राहत होता. अनिरुद्धाच्या लग्नासाठी यादव तिथे आले. लग्न पार पडल्यावर कलिंगाच्या राजाने रुक्मीला डिवचलं, की बलरामाला फाशांचा नाद आहे पण खेळ येत नाही, बसव त्याला. भागवताच्या दशम स्कंधात हा डाव टप्प्याटप्प्याने सांगितला आहे. शंभर, हजार, दहा हजार अशा पैजा रुक्मी जिंकत गेला आणि कलिंगराज दात काढून बलरामाला हसत राहिला. मग रुक्मीने लाखाची पैज लावली. ती बलरामाने जिंकली. 'मीच जिंकलो,' असं रुक्मी बेधडक म्हणाला. बलरामाने संतापून त्याहून कितीतरी मोठी पैज लावली, तीही जिंकली, तरी रुक्मीचं तेच. वर तो म्हणाला, इथे बसलेल्या प्राश्निकांनी सांगावं.

प्राश्निक म्हणजे डावाचे पंच. ते यजमानाचेच मित्र होते. आकाशवाणी झाली, तिने बलरामाचा विजय सांगितला, तीही कोणी मानली नाही. उलट गुराख्यांना राजांचे खेळ काय कळणार, असा टोमणा आला. त्यानंतर जे झालं ते लग्नमंडपाला शोभणारं नव्हतं. बलरामाने रुक्मीला ठार केलं आणि पळणाऱ्या कलिंगराजाला धरून त्याचे दात पाडले. हरिवंशात तर रुक्मीला मारायला हाती आलेलं हत्यार म्हणजे खुद्द द्यूताचा पट आहे.

भोजकट हे नाव निव्वळ पुराणातलं नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथला ताम्रपट भोजकट राज्यातल्या गावाचं दान नोंदवतो. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्माला, म्हणजे आजच्या वाशिमला नांदत होती, आणि वाशिम हा बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा शेजार. भोजकटाची कथा ज्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकली त्यांना ती आपल्याच मुलखातली होती. यजमान, खेळाडू आणि पंच एकाच पंगतीतले असले की डावाचं काय होतं, हे त्या कथेइतकं स्पष्ट कुठल्याही नियमपुस्तकाने सांगितलेलं नाही.

कथा जिथे थांबल्या तिथे कायद्याला काम करावं लागलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणाचा विसावा अध्याय द्यूताचा आहे आणि त्यात बारकावे आहेत. जुगार एकाच नेमलेल्या जागी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड. कवड्या आणि फासे द्यूताध्यक्षाने पुरवायचे. ते बदलून स्वतःचे वापरणाऱ्याला पुन्हा बारा पण. हातचलाखी केली तर त्याहून मोठा दंड, जिंकलेलं जप्त, शिवाय चोरीची शिक्षा. अध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यायचे आणि साहित्याचं, जागेचं, पाण्याचं भाडं वेगळं. फासे कोणाच्या हातचे, हा मुद्दा त्या माणसाने किती आधी ओळखला होता!

याच अध्यायात एक वाद आहे आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. जुगाराची तक्रार राजापुढे आली तर जिंकणाऱ्याला कमी आणि हरणाऱ्याला जास्त दंड करावा, कारण जिंकण्याच्या हावेपायी हरलेला मूर्ख पराभव सहन न होऊन तक्रार घेऊन येतो, असं आधीच्या आचार्यांचं मत होतं. कौटिल्याने ते साफ नाकारलं. त्याचा युक्तिवाद सरळ आहे: हरणाऱ्याचा दंड वाढवला तर राजाकडे कोणी येणारच नाही, आणि जुगारी तर बहुतेक लबाडच असतात. म्हणजे तक्रार करणाऱ्याला रडवलं की तक्रारी संपतात आणि लबाडी तेवढी शाबूत राहते. आपल्याकडे अंगणातल्या खेळातसुद्धा कुरकुर करणाऱ्याला 'रडीचा डाव खडी' म्हणून गप्प करतात. त्या पोराची तक्रार खरी होती का, हे पाहायला कोणी थांबत नाही. कौटिल्य थांबला होता.

मनूने सगळा जुगारच बंद करायला सांगितलं. याज्ञवल्क्याने तसं केलं नाही. त्याच्या स्मृतीत द्यूतसमाह्वय नावाचं छोटं प्रकरण आहे आणि त्याच्या मध्यभागी उभा आहे सभिक, म्हणजे द्यूतसभा चालवणारा. वेदसूक्तात जो माणूस दिसत नव्हता तो इथे नावानिशी पुढे येतो. त्याचा वाटा ठरलेला आहे: मोठ्या पैजेतून शेकडा पाच, लहान पैजेतून शेकडा दहा. त्याची कामंही ठरलेली आहेत. हरणाऱ्याकडून रक्कम वसूल करायची, जिंकणाऱ्याला पोचवायची, राजाचा भाग राजाला द्यायचा. आणि त्याचा स्वभावही लिहून ठेवला आहे: खरं बोलणारा आणि सोशीक. खेळ चालवणाऱ्याने चिडखोर असू नये, हे कायद्याच्या ग्रंथात आलं आहे.

त्याच प्रकरणात दोन तरतुदी आहेत ज्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. पहिली, डावाचा तंटा पाहणारे आणि साक्षीदार हे खेळणाऱ्यांमधलेच असावेत. बाहेरच्याला डावातली खोच कळत नाही, आणि सभिकाला स्वतःच्याच सभेचा न्यायाधीश होता येत नाही. दुसरी, सभिक हजर असलेल्या, राजाला भाग देणाऱ्या उघड सभेतली जिंकलेली रक्कमच राजाने वसूल करून द्यावी, चोरून चाललेल्या खेळातली नाही. खोट्या फाशांनी खेळणाऱ्याला डागणी देऊन हद्दपार करावं, असं याज्ञवल्क्य म्हणतो. नारदस्मृतीची शिक्षा वेगळी आहे. तिथे लबाडाच्या गळ्यात फाशांची माळ घालून त्याला खेळणाऱ्यांच्या वर्तुळातून बाहेर काढायचं. अंगाला इजा नाही, पण गावभर ओळख.

याज्ञवल्क्याच्या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या, म्हणजे इ.स. 1076 ते 1126 या राजवटीत. दख्खनच्या त्याच दरबारात विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर याने मानसोल्लास रचला आणि त्यात राजाच्या करमणुकीत चतुरंग, फासे आणि कवड्यांचे खेळ वर्णन केले. राजाची करमणूक आणि रस्त्यावरचा जुगार यांची साधनं एकच होती. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात तर शिव-पार्वतीच द्यूत खेळायला बसले आहेत, आणि खाली गण नंदीला सतावत आहेत. दिवाळीतल्या बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्यालाही हाच धागा.

पण कायदा लिहिला म्हणून सभिक सोशीक झाला असं नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात दुसऱ्या अंकात माथुर नावाचा सभिक भेटतो आणि त्याच्यापुढे स्मृतीतला आदर्श पार विरघळतो. दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळत सुटतो आणि एका रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी माग काढत येतात, मूर्तीकडे पाहतात, ओळखतात आणि मुद्दाम तिथेच फासे टाकू लागतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून मूर्तीच्याने राहवत नाही. सापडल्यावर माथुर त्याच्याभोवती द्यूतकरांचं मंडल घालतो, जे मोडून जाण्याची जुगाऱ्याला मुभा नाही. मग मारहाण. आईबाप विकून पैसे दे, स्वतःला विकून दे. शेवटी दर्दुरक नावाचा आणखी एक जुगारी माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो, संवाहक निसटतो, नाटकाची नायिका वसंतसेना आपलं कंकण पाठवून देणं मिटवते आणि संवाहक बौद्ध भिक्षू होतो.

गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी माणसाला वसंतसेना आणि चारुदत्त ठाऊक आहेत. संवाहकाकडे मात्र पुन्हा पाहायला हवं. त्याची लाज, त्याचं व्यसन आणि त्याच्यावरचा अन्याय या तिन्ही गोष्टी शूद्रकाने एकाच वेळी खऱ्या मानल्या. खेळाडू चुकला म्हणून त्याला बडवण्याचा हक्क खेळ चालवणाऱ्याला मिळत नाही, हे त्या अंकात कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रेक्षकाची सगळी माया संवाहकाकडे जाते.

आता पुन्हा बुलढाण्याकडे. पैनगंगेकाठचं मेहकर आणि खाऱ्या पाण्याच्या विवराचं लोणार, या दोन्ही गावी तेराव्या शतकात एक पुरुष राहून गेला ज्याने तरुणपणी असं जुगाराचं देणं स्वतः अनुभवलं होतं. श्रीचक्रधरस्वामी. म्हाइंभटाने 1278च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात मेहकर आणि लोणारच्या लीळा आहेत. यादव राजा कान्हरदेव त्यांना लोणारला भेटल्याचीही लीळा आहे. पण या सगळ्याच्या आधीची, गुजरातेतली एक लीळा या विषयाच्या गाभ्याशी नेऊन सोडते.

तेव्हा ते भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव होते. द्यूताचा नाद होता. एकदा मोठी रक्कम हरले. जिंकणाऱ्यांचं देणं चुकतं केल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांचा निश्चय. घरी येऊन त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने नकार दिला. अखेर वडिलांनी रक्कम भरून ते देणं फेडलं. पण पत्नीच्या त्या नकाराने संसारावरचं मन उडालं, आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून ते घराबाहेर पडले ते पुन्हा त्या आयुष्यात परतले नाहीत. वाटेत ऋद्धिपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले.

महानुभाव पंथाने आपल्या प्रवर्तकाच्या आयुष्यातली ही गोष्ट झाकून ठेवली नाही, हे फार मोलाचं आहे. मराठीतल्या पहिल्या चरित्रग्रंथात जुगाराचं देणं, उपाशी बसलेला नवरा आणि दागिने न देणारी बायको हे सगळं जसंच्या तसं आलं. कमळाइसेला त्या लीळेत खलनायिका केलेलं नाही. तिचा नकार हाच त्या घरातला एकमेव रोखणारा आवाज होता. नळाच्या सभेत दमयंती रडली आणि कोणी ऐकलं नाही. इथे एका बाईने नाही म्हटलं आणि एका माणसाचं आयुष्य बदललं.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. शेजारच्या मध्य प्रांतात 1867चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता आणि त्याची कलमं वाचताना याज्ञवल्क्याचा सभिक आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त आता तो गुन्हेगार झाला आहे. अड्डा चालवणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तिथे सापडलेल्या खेळाडूला त्याच्या निम्मा, म्हणजे 100 रुपयांपर्यंत दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद. खेळात सामील असलेल्याने न्यायाधीशापुढे खरी साक्ष दिली तर त्याला शिक्षेपासून संरक्षण. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कायदा लागूच नाही. त्याआधी दोन हजार वर्षं कौटिल्य जे तक्रारदाराबद्दल म्हणत होता, ते साक्षीदाराबद्दल इथे पुन्हा आलं. 1872च्या करार कायद्याने तिसाव्या कलमात पैजेचे करार निरर्थक ठरवले, आणि जिंकलेली रक्कम वसूल करून द्यायला राजा आता येणार नाही, हेही नक्की झालं.

1 नोव्हेंबर 1956ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा इथेही लागू झाला. पोळा, गणपती, दिवाळी या दिवसांत बावन्न पत्त्यांच्या, एक्का बादशहाच्या डावांवर धाडी पडल्याच्या बातम्या विदर्भातली वर्तमानपत्रं आजही छापतात. अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावामागे जी कापणी घेतो तिला 'नाल' म्हणतात. सभिकाचे शेकडा पाच ते हेच. फरक इतकाच की त्याच्या बदल्यात खरं बोलण्याची आणि सोशीक असण्याची अट आता त्याच्यावर कोणी घालत नाही.

पैशाशिवायचे पटही या मुलखात होतेच. सोंगट्यांचा कापडी पट अंथरला की चार फाट्यांची 96 घरं, चार रंगांच्या 16 सोंगट्या आणि तीन फासे. कवड्यांवर खेळायचं तर सहा-सात कवड्या. या खेळांना सभिक नसे. घरातलं एखादं म्हातारं माणूस बाजूला बसे आणि त्याचा शब्द चाले. आणि अंगणात पोरांनी जे कायदे केले ते तर कुठल्याही स्मृतीहून माणुसकीचे होते. धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून खेळात घ्यायचं, तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. आणि कोणालाही, कधीही, 'टाइम प्लीज' म्हणता येई. पाय मुरगळला, आई हाक मारतेय, भीती वाटली, काहीही. कारण विचारायचं नाही. खेळ थांबायचा.

हे सांगायचं कारण म्हणजे पाश्चात्य जगाला हीच सोय नव्याने शोधावी लागली. 1974 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला आणि टेबलावरच्या भूमिका-खेळांचं युग सुरू झालं. वीस बाजूंचे फासे आले, आणि आपला पडदा उभा करून त्याआड फासे टाकणारा मास्टर आला. पैज पैशाची राहिली नाही. आठवडे, महिने जिवापाड जपलेलं पात्र पणाला लागू लागलं. त्यामुळे इथली दांडगाई वेगळ्या जातीची झाली. मैत्रिणीच्या पात्राला झुकतं माप द्यायचं, राग आला की एखाद्याचं पात्र मारून टाकायचं, समोरच्याला नको असलेला प्रसंग कथेत रेटायचा, ही मास्टरची रूपं. सोबत्यांचा विश्वासघात करून 'माझं पात्र असंच वागेल' म्हणत हात झटकायचे, प्रत्येक निकालावर तासभर वाद घालायचा, दुसऱ्याला बोलूच द्यायचं नाही, ही खेळाडूंची.

गायगॅक्सने 1979 मध्ये मास्टरांसाठी जाडजूड मार्गदर्शक लिहिला. त्रासदायक खेळाडूंसाठी त्यात उपाय होते: अचानक एखादा राक्षस अंगावर सोडावा, आकाशातून निळी वीज त्याच्या पात्राच्या डोक्यावर पाडावी, त्याच्या पात्राचा प्रभाव कायमचा एक-दोन अंकांनी कमी करावा. नाहीच ऐकलं तर बाहेर काढावं. हे सारे उपाय मास्टरच्याच हातातले होते, आणि सारे खेळाडूवर चालायचे. मास्टर चुकला तर त्याच्यावर वीज पाडणारं कोणी नव्हतं. चूक माणसाची असताना शिक्षा पात्राला देण्याने काही सुटत नाही, हेही त्या पिढीला बऱ्याच उशिरा उमगलं. 1980च्या दशकात अमेरिकेत या खेळावर बाहेरून सैतानपूजेचे आणि आत्महत्यांचे बिनबुडाचे आरोप झाले, आणि त्या गदारोळात टेबलावरच्या खऱ्या त्रासाची चर्चा मागे पडली.

2013 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी एक साधी युक्ती मांडली. एका कार्डावर फुली काढायची आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. कथेतला एखादा प्रसंग कोणालाही नकोसा झाला तर त्याने कार्ड उचलावं किंवा त्याला हात लावावा. तो प्रसंग तिथेच वगळायचा, स्पष्टीकरण मागायचं नाही. मास्टरलाही ते कार्ड बांधील. आपल्या अंगणातला 'टाइम प्लीज' वेगळं काय सांगत होता? आता बरेच गट खेळ सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी घेतात. काय चालेल, काय नाही, ते आधीच ठरवतात. हे सगळं चांगलंच झालं.

तरी याज्ञवल्क्याची एक अट आजच्या बहुतेक टेबलांवर गैरहजर आहे. कार्ड प्रसंग थांबवतं. मास्टरने निकाल पक्षपाती दिला, फासे पडद्याआड फिरवले, तर त्या तंट्याचा निवाडा करायला पुन्हा मास्टरच बसतो. भोजकटात प्राश्निक यजमानाचे होते, इथे तर यजमान हाच प्राश्निक. खेळणाऱ्यांमधलाच एक साक्षी आधी नेमायचा आणि मास्टरसकट सगळ्यांनी त्याचं ऐकायचं, ही नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने ज्यावर भाष्य केलं ती तरतूद कोणत्याही महागड्या नियमपुस्तकाशिवाय अमलात आणता येते. बुलढाण्यात, पुण्यात किंवा न्यू जर्सीत मराठी पोरं पुढच्या वेळी पट मांडतील तेव्हा पात्रं वाटून घेण्याच्या आधी त्यांनी तो साक्षी निवडावा, फासे सगळ्यांसमोर टाकायचे असं ठरवावं, आणि पहिल्यांदा तक्रार करणाऱ्याला रडका म्हणू नये.